तीनशे चाळीस पानांचा खेळ

देवपूर, धुळे
माघ वद्य चतुर्थी (आज संकष्टी, म्हणजे सुनंदाचा उपवास आणि माझी साबुदाण्याची चंगळ)

तीर्थस्वरूप नवलनाना यांच्या सेवेशी,

आतेभाऊ अभिमन याचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी दोन्ही गुडघे टेकवायला मनाई केली आहे, त्यामुळे अष्टांगांपैकी सहाच अंगं पोचती झाली असं समजावं. उरलेली दोन समक्ष भेटीत.) आपली प्रकृती कशी आहे? वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि आता त्यांना लांबचं सगळं स्वच्छ दिसतं हे ऐकून फार आनंद झाला. तुम्हाला मात्र यापुढे जरा जपून वागावं लागेल. केळीला थंडीचा चरका बसला नाही ना? इकडे पांझरेकाठी पौषात असा गारठा पडला की मी आठ दिवस कानटोपी घालून जेवलो, आणि नवव्या दिवशी ती काढली तेव्हा सुनंदाने मला आधी ओळखलंच नाही.

पत्रास कारण की, दिवाळीत तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही विचारलंत, अभिमन, रविवारी असतोस कुठे? मी म्हणालो, मंडळात. तुम्ही ते भजनी मंडळ समजलात आणि साऱ्या गोतावळ्यात सांगितलंत. तेव्हापासून मला तीन ठिकाणांहून बोलावणी आली, त्यांपैकी एक तेराव्याचं होतं. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून खुलासा करणं भाग आहे, आणि खुलासा म्हटला की तो मुळापासून करावा, ही शिंदखेड्याच्या तहसील कार्यालयातली चौतीस वर्षांची सवय.

आमच्या धाकट्या भावाची दिपमाला पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्या साथीच्या काळात ती दोन वर्षं इथेच बसून काम करत होती आणि फावल्या वेळात तिने आम्हा म्हाताऱ्यांना एक खेळ शिकवला. आम्ही त्याला सोंगांचा खेळ म्हणतो. टेबलाभोवती चारपाच जणांनी बसायचं. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं. कोणी दरोडेखोर, कोणी वैदू, कोणी राजाचा रुसलेला भाऊ. एकाने सूत्रधार व्हायचं. तो सांगतो की तुम्ही जंगलात आहात, समोर बिबट्या आहे, काय करता? एखादा म्हणतो, मी झाडावर चढतो. चढता आलं की नाही ते फासा ठरवतो. हा फासा आपल्या सोंगटीच्या फाशासारखा नसतो, त्याला वीस तोंडं असतात आणि दिसायला तो आवळ्याएवढा. यात जिंकणं नाही, हरणं नाही, पत्ते नाहीत, पैसा नाही. (पोलीस येणार नाहीत ना, हे झुलालभाऊंनी तीनदा विचारून घेतलं होतं.) सगळी मिळून एक गोष्ट होते, एवढंच.

झुलालभाऊ म्हणजे आमच्या गल्लीतले निवृत्त एसटी कंडक्टर. त्यांचं सोंग दरोडेखोराचं, पण तो लुटताना लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणतो. दुसऱ्या लताबाई, निवृत्त नर्स. त्यांचं सोंग वैदूबाईचं. आणि मी सूत्रधार. देवपुरातल्या वाचनालयाने माडीवरची एक खोली आम्हाला रविवारी दुपारची वापरायला दिली होती.

दिपमाला पुण्याला परत गेली तेव्हा नियम म्हणून तिने एक पान ठेवलं. एक पान, नाना. पाठपोटसुद्धा नाही. तुम्हीच सांगा, एका पानावर कधी काही चाललं आहे का? पहिल्याच रविवारी झुलालभाऊंचा दरोडेखोर म्हशीच्या पाठीवर बसून नदी ओलांडायला निघाला. म्हशीला किती वजन झेपतं हे त्या पानावर नव्हतं. मी घरी येऊन अर्धं पान लिहिलं. पुढच्या रविवारी म्हैस गाभण निघाली, तेव्हा त्याला पोटकलम जोडलं. मग लताबाई म्हणाल्या, साप चावला एवढं म्हणून भागत नाही, कोणता चावला ते पाहिजे. त्यांनी जखमांचा आणि विषांचा तक्ता करून दिला, बावीस पानं. (त्यातली काही वाचल्यावर मी दोन दिवस चप्पल घालून झोपलो.) असं करता करता तीन वर्षांत आमची नियमावली तीनशे चाळीस पानांची झाली. तीन फायली, लाल फीत, पानांवर क्रमांक, मागे सात परिशिष्टं आणि दोन शुद्धिपत्रकं. दुसरं शुद्धिपत्रक पहिल्यातल्या चुकांचं.

आता दाराचं सांगतो. गेल्या वर्षी जानेवारीत झुलालभाऊंचा दरोडेखोर एका किल्ल्याच्या तळघरात उतरला आणि एका बंद दारासमोर येऊन उभा राहिला. दार उघडायचं तर आमच्या नियमाप्रमाणे आधी लाकडाची जात ठरवावी लागते, मग बिजागऱ्यांचा गंज, मग उघडणाऱ्याचा हात ओला की कोरडा, त्याने शेवटचं जेवण कधी घेतलं, आणि या सगळ्याची बेरीज-वजाबाकी करून फासा. त्यांनी पहिल्याच फेकीला सतरा पाडले, पण दाराची पाहणी केलेली नव्हती म्हणून ती फेक रद्द झाली. पुढच्या रविवारी पाहणी झाली, तोवर गोष्टीत पावसाळा लागला आणि लाकूड फुगलं. परिशिष्ट ड. लाकूड वाळेपर्यंत दरोडेखोर उपाशी, म्हणून त्याची ताकद कमी. झुलालभाऊ कधी कुरकुरले नाहीत. घाटात बंद पडलेल्या गाडीत बसावं तसे शांत बसायचे. असा तो दरोडेखोर त्या दारासमोर अकरा महिने उभा होता. रविवारी घरी आलो की ताट वाढताना सुनंदा एवढंच विचारायची, उघडलं का दार? मला वाटायचं टोमणा मारते आहे.

दिवाळी झाल्यावर वाचनालयाचे नवे सचिव जितेंद्र आम्हाला भेटायला आले. तिशीचा पोरगा, बोलायला अत्यंत गोड, आणि त्यामुळे काही वाईट सांगत असला तरी आपण मान डोलावत राहतो. ते म्हणाले की कार्यकारिणीने ठराव केला आहे: ज्या मंडळात निम्मे तरी सभासद शाळा-कॉलेजच्या वयाचे आहेत त्यांनाच यापुढे खोली मिळेल. मुदत संक्रांतीपर्यंत. नाहीतर खोली इंग्रजी बोलण्याच्या क्लासला. आमच्या तिघांचं सरासरी वय अडुसष्ट. (लताबाईंनी खरं सांगितलं असतं तर एकाहत्तर.) मी ठरावाची प्रत मागितली, ती त्यांनी दिली, आणि ठराव इतका बिनचूक होता की मला त्यात एकही पळवाट सापडली नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही, नाना. खोलीसाठी नव्हे. त्या खोलीत बसलो की झुलालभाऊंना पत्नी गेल्याचं दोन तास आठवत नसे, हे मला माहीत होतं.

दिपमालाला फोन केला. ती म्हणाली, काका, फाइल बंद करा आणि मुलांना सरळ खेळायला बसवा. मी तिचा अभिप्राय नोंदवून घेतला आणि तो विचारात घेऊन मुलांसाठी वेगळी लघु-नियमावली तयार केली. शहाण्णव पानं.

ती घेऊन मी इथल्या एका शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी नववीचा शेवटचा तास दिला. मी व्याख्यांपासून सुरुवात केली, कारण व्याख्या कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नसतो. कलम दोन, पोटकलम अ: दार म्हणजे भिंतीतील असे भोक, जे बंद करण्याचा हेतू होता. पोटकलम आ: खिडकी हे दार समजले जाणार नाही, मात्र तीतून प्रवेश केल्यास ती त्या प्रवेशापुरती दार समजली जाईल. वर्गात इतकी शांतता की माझा मलाच अभिमान वाटला. बासष्ट मुलं खाली मान घालून एकेक शब्द वहीत उतरवून घेत होती. पंचवीस मिनिटांनी पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला आणि नम्रपणे विचारलं, सर, व्याख्या किती मार्कांना येतात? मी म्हणालो, बाळ, याला मार्क नाहीत, हा खेळ आहे. त्याबरोबर बासष्ट वह्या एकदम मिटल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मग त्यांच्या वर्गशिक्षिका बाईंनी मुलांना उरलेला वेळ मस्ती न करता बसायला सांगितलं, आणि मलाही.

लताबाईंनी मला समजावलं की दोष मुलांचा नाही. (माझाही नाही, असं त्या पुढे म्हणतील म्हणून मी थांबलो होतो. त्या म्हणाल्या नाहीत.) तेव्हा झुलालभाऊंनी सुचवलं की भरीत पार्टी करू. भरीत म्हटलं की आपल्याकडचं माणूस तापातून उठून येतं, मग पोरं का येणार नाहीत? पटण्यासारखं होतं. तुमच्याकडची बामणोदची वांगी काही मिळाली नाहीत, पण बाजारातून बरीच म्हणावीत अशी आणली, वाचनालयामागच्या मोकळ्या जागेत कपाशीच्या काड्यांवर भाजली, लताबाईंनी मिरची-लसूण कुटला, सुनंदाने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. झुलालभाऊंनी चौकात उभं राहून, चला, जागा आहे, जागा आहे, असं ओरडून मुलं गोळा केली. एक्केचाळीस आली. जेवली. दोघांनी घरी नेण्यासाठी बांधून मागितलं. आणि मी फाइलची फीत सोडतो न सोडतो तोच शेवटच्या स्टॉपला गाडी रिकामी व्हावी तशी सगळी पांगली.

राहिली चार. ऋतिका ही लताबाईंच्या मुलीची मुलगी; पिंपळनेरहून इथे आठवीला आजीकडे शिकायला आली आहे, आणि आजी भांडी घासत असल्यामुळे तिला हलता येत नव्हतं. तिच्या दोन मैत्रिणी, ऋतिका आहे म्हणून. आणि झुलालभाऊंचा नातू कुंदन, जो भाकरी जास्त झाल्याने माडीवरच्या सतरंजीवर झोपला होता.

मी वाचायला लागलो. कलम एक संपायच्या आत ऋतिका म्हणाली, आबा, ती फाइल बघू? मला भरून आलं. मी पहिली फाइल तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी तोलली, मग दुसरी मागितली, मग तिसरी. तिन्ही एकावर एक खुर्चीवर ठेवल्या आणि वर बसली. टेबल उंच आहे, नाना, आणि पोर बुटकी. आता बरोबर दिसतंय, असं म्हणून तिने फासा हातात घेतला आणि मैत्रिणीला विचारलं, तू कोण आहेस?

मैत्रीण म्हणाली, मी बँडवाली. दुसरी म्हणाली, मी तिची शत्रू, पण आम्ही एकाच बँडमध्ये आहोत. एवढ्यात कुंदन डोळे चोळत उठला आणि म्हणाला, मी टेम्पो. माझ्या नियमावलीत वाहनाला सोंग घेता येत नाही, कलम नऊ; मी तसं सांगायला तोंड उघडलं तोवर ऋतिका म्हणाली, हो, तू टेम्पो. नियम तिने उभ्याउभ्या एक केला. (बसल्याबसल्या म्हणायला हवं, माझ्या तीनशे चाळीस पानांवर.) काय करायचं ते सांगायचं, मग फासा टाकायचा. दहाच्या वर पडला तर झालं. खाली पडला तर भलतंच काहीतरी झालं.

पुढचा तासभर मी जे पाहिलं ते लेखी मांडणं अवघड आहे. पिंपळनेरची एक बँडपार्टी लग्नाला निघाली होती. घाटात त्यांना राक्षसाने अडवलं, कारण त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि कुठलाच बँड तारीख देत नव्हता. टेम्पोने राक्षसाच्या पायावरून जायचा प्रयत्न केला, तीन पडले, तेव्हा टेम्पो घाबरून रडायला लागला आणि त्याचं सगळं डिझेल डोळ्यांतून गेलं. बँडवालीने राक्षसाला तालात चालायला शिकवलं. राक्षसाची मुलगी म्हणाली, मला लग्नच करायचं नाही, मला क्लॅरोनेट वाजवायचंय. पोरं हसून हसून टेबलाखाली जात होती. लताबाई ओले हात पदराला पुसत वर आल्या त्या परत खाली गेल्याच नाहीत. तालात चालताना राक्षसाचा पाय मुरगळल्याने त्याला पट्टी बांधायला वैदूबाई लागली. विषांच्या तक्त्याचं त्यांनी नाव काढलं नाही.

आणि मग झुलालभाऊ, जे इतका वेळ भिंतीशी बसून होते, हळूच ऋतिकाला म्हणाले, "बेटा, मना दरोडेखोर दारसमोर कव्हयना उभा शे. त्याले बी लई चाल."

ऋतिका म्हणाली, नेऊ की त्यालाही, पण कुठलं दार? त्यांनी सांगितलं. अकरा महिने, हेही सांगितलं. पोरीने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग फासा त्यांच्यापुढे सरकवला. झुलालभाऊंनी तो दोन्ही हातांत धरून तिकिटाची पेटी हलवावी तसा हलवला आणि टाकला. चौदा. उघडलं, ती म्हणाली.

झुलालभाऊ उठून उभे राहिले. मग खाली बसले. ऋतिकाने मला विचारलं, "आबा, आत काय आहे?"

नाना, त्या दाराचं सागवान कोणत्या साली तोडलं ते मी लिहून ठेवलं होतं. कडीचं वजन लिहिलं होतं. बिजागरीला तेल दिल्यास आणि न दिल्यास होणाऱ्या आवाजाचे दोन प्रकार लिहिले होते. आत काय आहे, यावर तीनशे चाळीस पानांत एक अक्षर नव्हतं. मला ते कधी सुचलंच नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते, खालून अजून भाजल्या वांग्याचा वास येत होता, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं की आत चूल पेटलेली आहे, चुलीपुढे एक बाई बसली आहे, ती मान वर करून म्हणते, "कितला उशीर करा रे भाऊ, भाकर थंडी हुई गई."

झुलालभाऊंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांचा दरोडेखोर आत गेला आणि जेवायला बसला. कुंदनने विचारलं, टेम्पोलापण वाढतील का? झुलालभाऊ म्हणाले, पुढे सरक, जागा होते.

त्या चार पोरांची दुसऱ्या रविवारी सात झाली आणि संक्रांतीला अकरा. जितेंद्र स्वतः वर येऊन डोकी मोजून गेले. मोजताना त्यांना राक्षसाच्या व्याह्याचं सोंग मिळालं, त्यामुळे ते दीड तासाने गेले. खोली राहिली. मी तिन्ही फायली घरी आणून कपाटावर ठेवल्या. सुनंदाने त्यांवर फडकं घातलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. भरिताच्या दिवसापासून पाचसहा रविवार सुखाचे गेले आणि मग कुंदनच्या घोड्याने घोळ घातला. (टेम्पोचं डिझेल संपल्यावर त्याने घोडा घेतला होता.) घोडा जिना चढू शकतो, असं कुंदन म्हणाला. ऋतिका म्हणाली, नाही. मग मागच्या रविवारी तुझी शेळी कशी चढली? शेळी वेगळी. वेगळी कशी? यावरून दोन तट पडले, तिघांनी बोलणं टाकलं, एक मुलगी रडून घरी गेली. लताबाईंनी मध्यस्थी केली तर दोन्ही तट त्यांच्यावर उलटले.

मंगळवारी शाळा सुटल्यावर ऋतिका एकटी आमच्या घरी आली. बराच वेळ सुनंदाशी इकडचं तिकडचं बोलत बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबा, तुमच्या फायलीत घोड्याचं काही आहे का?"

मी स्टुलावर चढलो. (गुडघ्यांचं त्या वेळी लक्षात राहिलं नाही.) फडकं काढलं, धूळ झटकली, दुसरी फाइल, कलम एकसष्ट, चतुष्पाद प्राणी, अकरा पानं. तिने ती अकराच्या अकरा पानं वाचली. नाना, आजवर ती कोणी वाचली नव्हती. मीसुद्धा लिहिल्यावर परत वाचली नव्हती. वाचून झाल्यावर म्हणाली, यातली एक ओळ घेऊ? आणि वहीत लिहून घेतली: घोडा जिना चढेल, उतरणार नाही. त्यावर दोन्ही तटांचा समेट झाला, कारण घोडा आता वरच्या मजल्यावर अडकला आणि सगळ्यांनाच त्याचं काहीतरी करणं भाग पडलं.

तेव्हापासून ती दर मंगळवारी येते आणि एक ओळ घेऊन जाते. कधी दोन. खोलीच्या भिंतीवर मुलांनी कार्डशीट लावली आहे, तिच्यावर स्केचपेनने आजमितीस एकोणीस नियम लिहिलेले आहेत. त्यातले सात माझ्या फायलीतले, बारा त्यांचे. त्यांचे माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे मी फक्त तुम्हाला सांगतो. त्यांना गरज पडली की नियम लिहितात. मी लिहून ठेवायचो आणि गरजेची वाट पाहायचो. एवढा फरक कळायला मला सदुसष्ट वर्षं आणि एक्केचाळीस पोरांचं भरीत लागलं.

तर असा सगळा वृत्तांत. भजनाचा यात कुठेही संबंध नाही, तेवढं सर्वांना कळवावं. मंडळ आता मुलांच्या हाती सुरक्षित आहे. मी स्वतः त्यातून पूर्ण निवृत्त झालो आहे आणि अत्यंत समाधानात आहे. रविवारी घरीच असतो, कुंड्यांना पाणी घालतो, वर्तमानपत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, कशाचीही ओढ राहिलेली नाही. हे पत्र केवळ खुशाली कळावी म्हणून. मागणं काही नाही. वहिनींना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, केळीला बरा भाव.

आपला आज्ञाधारक,
अभिमन

ता. क. नियम बारावा तेवढा वर सांगायचा राहिला. झुलालभाऊंनी डेपोत बातमी पसरवल्यामुळे एका रविवारी नऊ निवृत्त कंडक्टर खेळायला आले आणि प्रत्येकाने आपापल्या रूटची गोष्ट सांगितली, मुलांना पाळी मिळाली नाही. त्यावर मुलांनी नियम केला: प्रत्येक मोठ्या माणसाला एका मुलाने आणलेले असावे. एक मूल, एकच मोठा. लताबाईंना ऋतिकाने आणलं, झुलालभाऊंना कुंदनने. बाकी नऊ पोरांनीही आपापले आजी-आजोबा आणले आहेत. आमचा मुलगा नीलेश, त्याचं अजून लग्न नाही. त्याचं लग्न होऊन, मूल होऊन, ते दहा वर्षांचं होईस्तोवर मी एकोणऐंशीचा होईन, असा हिशोब सुनंदाने करून दिला. ऋतिका स्वतः म्हणाली होती की आबा, तुम्हाला नियम लागू नाही. मीच नको म्हणालो. नियमात अपवादाची तरतूद नाही. हे वाक्य मी चौतीस वर्षं लोकांना ऐकवलं. ऐकून घ्यायला कसं लागतं ते आता कळलं.

ता. क. २. तुमची नात मोहिनी बारा वर्षांची आहे ना? सहज विचारतो. जळगावहून पारोळ्यामार्गे धुळ्याला रविवारी सकाळी गाड्या चिक्कार आहेत, आणि कोणत्या गाडीचा कंडक्टर भला आहे ते झुलालभाऊ सांगतील. किंवा मी स्वतः जळगाव स्टँडवर येऊन तिला घेऊन जाईन आणि मग ती मला घेऊन जाईल. मी नियम तपासला आहे: मोठ्याला मुलाने आणावं असं आहे, त्या मुलाला कोणी आणावं याबाबत नियम मौन आहे. तिला खेळ येण्याची गरज नाही. धुळ्याला शाळाही चांगल्या आहेत.

ता. क. ३. (हे मी, सुनंदा, लिहिते आहे.) नानांना नमस्कार. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आहे, चिकटवायच्या आधी चार ओळी. कुंड्यांना पाणी मीच घालते. हे रविवारी वाचनालयासमोरच्या रसवंतीत बसून माडीवरच्या खिडकीकडे बघत असतात आणि तीन ग्लास रस पिऊन घरी येतात, मग जेवत नाहीत. तेव्हा मोहिनीला जरूर पाठवा, तिच्या खाण्यापिण्याचं सगळं मी बघेन. फक्त तिला एक समजावून ठेवा, की वाचनालयाच्या पायरीशी पोचल्यावर तिने हात माझा धरायचा. मी तीन वर्षं ताट वाढता वाढता नुसतं ऐकते आहे; मला चेटकीण व्हायचं आहे, नावही ठरवलं आहे. यांना अजून बोलले नाही. यांच्यासाठी दुसरं एखादं मूल नात्यात असलं तर कळवा. घाई नाही.